डिस्चार्जचा डाग

दक्षिण व्हिएतनाममधला मेकाँगचा त्रिभुज प्रदेश म्हणजे भातखाचरं, कालवे आणि चिखल. गस्तीवर निघालेल्या पथकाला तासन् तास पाण्याचिखलातून चालावं लागे. काठावरच्या झाडीत कोण दबा धरून बसलंय, ते गोळी सुटल्यावरच कळे. अमेरिकी लष्कराची नववी इन्फन्ट्री डिव्हिजन १९६९ साली या भागात लढत होती आणि जॉन शेफर्ड हा तरुण सैनिक तिच्यात होता. शत्रूच्या एका भक्कम बंकरवर हल्ला झाला तेव्हा शेफर्डने आत हातबॉम्ब टाकला. या कामगिरीसाठी त्याला शौर्याचं ब्राँझ स्टार पदक मिळालं. पुढे काही आठवड्यांतच त्याच्या पलटणीचा प्रमुख त्याला कालव्यातून वर काढायला हात देत असताना नेमबाजाच्या गोळीला बळी पडला.

शेफर्ड त्यातून सावरला नाही. त्याचं वागणं बिघडत गेलं आणि शेवटी त्याने गस्तीवर जायला साफ नकार दिला. प्रकरण कोर्ट मार्शलपर्यंत गेलं आणि लष्कराने ‘अनडिझायरेबल’ असा डिस्चार्ज हातात ठेवून त्याला घरी पाठवलं. पदक खरं होतं आणि नकारही खरा होता. या दोन्हींच्या मधल्या काळात त्या माणसाच्या मनाचं काय झालं, हे विचारण्याची रीत मात्र लष्कराकडे नव्हती. ती रीत पडायला पंचेचाळीस वर्षं गेली. ज्यांना नालायक ठरवून हाकललं होतं, त्यांनीच भांडून ती पाडून घेतली.

एका दाखल्याची ताकद

अमेरिकेत सैन्य सोडणाऱ्या प्रत्येकाला डीडी-२१४ नावाचा दाखला मिळतो. कुठे नोकरी केली, किती दिवस केली, कोणती पदकं मिळाली आणि सेवेचा शेवट कोणत्या शेऱ्याने झाला, हे सगळं त्यात असतं. सगळ्यात वरचा शेरा ‘ऑनरेबल’, म्हणजे सन्मानपूर्वक. त्याखाली ‘जनरल’, आणि त्याखाली ‘अनडिझायरेबल’. या तिसऱ्या शेऱ्याला पुढे ‘अदर दॅन ऑनरेबल’ असं नाव मिळालं. हे तिन्ही शेरे प्रशासकीय पातळीवर देता येतात, त्यासाठी कोर्टात गुन्हा शाबित व्हावा लागत नाही. त्याहून खालचे दोन शेरे मात्र कोर्ट मार्शलच देऊ शकतं. वरचे दोन सोडून बाकीच्या दाखल्यांना माजी सैनिकांच्या बोलीत ‘बॅड पेपर’ म्हणतात.

हा कागद आयुष्यभर पाठ सोडत नाही. १९४४च्या जून महिन्यात अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ‘जीआय बिल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यावर सही केली आणि युद्धावरून परतणाऱ्यांना कॉलेजची फी, घरासाठी कर्जाची हमी, बेकारीभत्ता अशा सवलती मिळाल्या. लाखो घरं त्या कायद्यामुळे गरिबीतून वर आली. पण डिस्चार्ज वाईट असेल तर दार बंद. सरकारी इस्पितळातले उपचार सहसा मिळत नाहीत, अपंगत्वाचा भत्ता मिळत नाही, शिक्षण मिळत नाही. खासगी मालकसुद्धा नोकरी देण्याआधी हा दाखला मागत. कित्येक वर्षं त्यावर सेवामुक्तीचं कारण सांगणारा एक सांकेतिक आकडाही छापला जाई. ‘स्वभावदोष’, ‘अयोग्यता’ असे अर्थ त्यामागे दडलेले असत. सैनिकाला त्याचा अर्थ ठाऊक नसे, पण या आकड्यांच्या याद्या मालकांपर्यंत पोहोचलेल्या असत. १९७४ साली पेंटागॉनने सैनिकाला मिळणाऱ्या प्रतीवरून हे आकडे काढून टाकले.

असा कागद कोणाच्या वाट्याला जास्त येतो, हे दुसऱ्या महायुद्धातच दिसलं होतं. त्या काळी निळ्या कागदावर छापलेला एक डिस्चार्ज असे. सन्मानाचा नाही आणि अपमानाचाही नाही, असा अधांतरी. डिसेंबर १९४१ ते जून १९४५ या काळात लष्कराने असे ४८ हजारांहून अधिक निळे कागद दिले. त्यांतले २२ टक्के कृष्णवर्णीय सैनिकांना गेले, आणि लष्करात त्यांचं प्रमाण होतं साडेसहा टक्क्यांच्या आसपास. समलिंगी असल्याच्या संशयावरूनही अनेकांना तो मिळाला. ‘पिट्सबर्ग कुरियर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राने त्याविरुद्ध मोहीम उघडली. १९४७ साली निळा कागद बंद झाला, पण त्याची जागा ‘जनरल’ आणि ‘अनडिझायरेबल’ या दोन शेऱ्यांनी घेतली.

दाद मागण्याची सोय कायद्यात सुरुवातीपासून होती. जीआय बिलानेच डिस्चार्ज तपासणारी मंडळं स्थापन केली. १९४६च्या कायद्याने लष्करी नोंदी दुरुस्त करणारी, अधिक अधिकारांची मंडळं आली. पहिल्या मंडळाकडे डिस्चार्जपासून पंधरा वर्षांच्या आत जायचं. दुसऱ्याकडे चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांत, आणि न्यायाच्या दृष्टीने योग्य वाटलं तर मंडळाने ही मुदत माफ करायची. कागदावर व्यवस्था चांगली होती. पण तिच्यात एक गृहीत दडलेलं होतं. आपल्यावर अन्याय झाला हे सैनिकाला लवकर कळेल आणि त्याचा पुरावा त्याच्याजवळ असेल, असं ते गृहीत. मनाच्या जखमेच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी खोट्या ठरल्या.

सही कर आणि घरी जा

व्हिएतनामच्या काळात सैन्यात गेलेली बरीच मुलं अठरा-एकोणीस वर्षांची होती. ज्यांना कॉलेजच्या नावावर भरती पुढे ढकलता आली नाही, अशा कष्टकऱ्यांच्या घरांतली ती मुलं होती. संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा यांनी १९६६ साली ‘प्रोजेक्ट वन हंड्रेड थाउजंड’ सुरू केला आणि एरवी बुद्धिचाचणीत नापास म्हणून परत पाठवली असती अशी तीन लाखांहून अधिक मुलं भरती करून घेतली. लष्कराचा सैनिक व्हिएतनामला एक वर्षासाठी जाई, मरीन तेरा महिन्यांसाठी. जो तो आपापल्या तारखेला एकटा येई आणि एकटाच परते. सोबत लढलेली पलटण सोबत घरी आली, असं त्या युद्धात सहसा झालंच नाही.

परतल्यावर, किंवा तिथेच असताना, काहींचं बिनसलं. झोप उडाली, हात उठू लागला, दारू आणि हेरॉइन जवळची झाली, रजा न घेता गैरहजेरी लागू लागली. वरिष्ठांच्या लेखी हा शिस्तीचा प्रश्न होता आणि त्यावर एक सोपा उपाय त्यांच्या हाताशी होता. लष्कराच्या नियमावलीतल्या दहाव्या प्रकरणानुसार सैनिकाला कोर्ट मार्शलऐवजी डिस्चार्ज मागता येई. समोर एक अर्ज ठेवला जाई. सही केली तर तुरुंग टळेल आणि लवकर घरी जाता येईल, एवढं त्या पोराच्या कानावर पडे. पुढची चाळीस वर्षं इस्पितळाचं दार बंद होईल, याचा अंदाज त्या वयात कितीजणांना येणार? व्हिएतनाम काळातल्या सुमारे २ लाख ६० हजार माणसांच्या दाखल्यावर ‘अनडिझायरेबल’ हा शेरा आला. या कारवाईत वर्णभेद चालतो, हा निष्कर्ष खुद्द संरक्षण खात्याने नेमलेल्या अभ्यासगटाने १९७२ साली काढला होता.

कॉन्ली मंक हा न्यू हेवनचा कृष्णवर्णीय मरीन त्यांच्यातलाच एक. १९६८च्या अखेरीस तो आपणहून भरती झाला आणि पुढच्या वर्षी व्हिएतनामला गेला. तिथून ओकिनावाच्या तळावर आल्यावर त्याची भांडणं झाली. त्याला अटकेत टाकण्यात आलं आणि कोर्ट मार्शल टाळण्यासाठी त्याने डिस्चार्ज पत्करला. घरी परतल्यावर शिक्षणाची, घराची, उपचारांची अशी प्रत्येक सरकारी खिडकी त्याच्यासाठी बंद होती.

आजाराला नाव मिळतं

युद्धाने मन मोडतं ही गोष्ट लष्करांना नवी नव्हती. पहिल्या महायुद्धात तिला ‘शेल शॉक’ म्हटलं गेलं. ऑगस्ट १९४३मध्ये सिसिलीत जनरल पॅटन यांनी अशाच दोन सैनिकांना इस्पितळात थोबाडीत मारली होती, आणि त्यांचे वरिष्ठ आयझेनहॉवर यांनी त्याबद्दल त्यांची कानउघाडणी केली होती. १९४६ साली दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन यांनी लष्करासाठीच ‘लेट देअर बी लाइट’ हा माहितीपट बनवला. लाँग आयलंडवरच्या लष्करी इस्पितळात रडणारे, थरथरणारे, वाचा गेलेले सैनिक त्यात दिसतात. लष्कराने तो दाबून ठेवला. लोकांना तो पाहायला मिळाला १९८०च्या अखेरीस.

डॉक्टरांच्या पुस्तकातही अशीच लपाछपी चालली होती. अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशन मनोविकारांची एक अधिकृत नियमावली छापते. १९५२च्या पहिल्या आवृत्तीत भयंकर ताणाने होणाऱ्या विकाराची नोंद होती. १९६८च्या दुसऱ्या आवृत्तीतून ती वगळली गेली. व्हिएतनाम युद्ध ऐन भरात असताना त्यातून येणाऱ्या आजाराचं नाव डॉक्टरांच्या पुस्तकात उरलं नाही. मग इस्पितळात गेलेल्या सैनिकाच्या केसपेपरवर स्किझोफ्रेनिया लिहिला जाई, व्यक्तिमत्त्वदोष लिहिला जाई, किंवा व्यसनी असा शेरा पडे.

याला पहिलं उत्तर सैनिकांनी दिलं. न्यूयॉर्कमध्ये युद्धविरोधी माजी सैनिक १९७० साली एकत्र बसून बोलू लागले. रॉबर्ट जे लिफ्टन आणि हाइम शाटन हे दोन मानसोपचारतज्ज्ञ त्यांच्यात येऊन बसत. तिथे ते डॉक्टरपण गाजवत नसत, बरोबरीने ऐकत. तपासण्याची पद्धत, नेहमीची परिभाषा, सगळं बाजूला ठेवून ते जे ऐकत होते, त्यातून एकच चित्र पुन्हापुन्हा समोर येत होतं. मेलेल्या सोबत्यांबद्दलची अपराधी भावना, अचानक उसळणारा राग, माणसांपासून तुटलेपण, आणि महिन्या-वर्षांनी, सगळं निवळलं असं वाटत असताना परत येणारं युद्ध. मे १९७२मध्ये शाटन यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये त्यावर लेख लिहिला. बॉस्टनच्या सरकारी इस्पितळात सारा हेली या समाजसेविका सैनिकांच्या तोंडून अत्याचारांच्या हकीकती ऐकत होत्या, आणि हे भ्रम नसून आठवणी आहेत असं सहकाऱ्यांना बजावत होत्या. नियमावलीच्या तिसऱ्या आवृत्तीचे प्रमुख रॉबर्ट स्पिट्झर यांच्यामागे या मंडळींनी कित्येक वर्षं तगादा लावला. अखेर १९८० साली ‘पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर’, म्हणजे पीटीएसडी, हा विकार पुस्तकात आला. पुढे सरकारनेच करवलेल्या पाहणीत दिसलं, की प्रत्यक्ष व्हिएतनाममध्ये सेवा केलेल्या पुरुषांपैकी १५ टक्क्यांना त्या वेळीही हा आजार होता, आणि आयुष्यात कधी ना कधी तो होऊन गेलेल्यांचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं.

पुरावा कुठून आणायचा?

नाव मिळालं, तेव्हा शिक्षा होऊन दहा-दहा वर्षं उलटली होती. अध्यक्ष कार्टर यांनी १९७७च्या एप्रिल ते ऑक्टोबर या काळात व्हिएतनामच्या डिस्चार्जची खास फेरतपासणी सुरू केली. जखमी झालेल्यांचा, पदक मिळालेल्यांचा, युद्धभूमीवरची मुदत पुरी केलेल्यांचा दाखला त्यात सुधारायचा होता. अमेरिकी काँग्रेसमध्ये त्यावर काहूर उठलं. पळपुट्यांना बक्षीस देता का, असा सूर लागला. त्याच ऑक्टोबरमध्ये कायदा झाला, की या योजनेत दाखला सुधारला तरी दुसऱ्यांदा तपासणी होऊन तो टिकल्याशिवाय सवलती मिळणार नाहीत. सुधारलेला कागद हातात असूनही अनेकांना इस्पितळाच्या दारातून परत फिरावं लागलं.

यानंतर एकेकट्या माणसाला अर्जांची वाट चालावी लागली. छापील फॉर्म भरायचा, सेंट लुईसच्या सरकारी भांडारातून आपली जुनी कागदपत्रं मागवायची, सोबत्यांची पत्रं आणि बायकोचं निवेदन जोडायचं, परवडत असेल तर डॉक्टरचा अहवाल लावायचा. एवढं करून मंडळ विचारी: नोकरीत असताना तुम्हाला पीटीएसडी होता याची नोंद कुठे आहे? १९६९ सालच्या कागदात १९८० साली जन्मलेलं नाव असणार कुठून? आजार झाला होता म्हणून गैरवर्तन झालं, हे मंडळ ऐके ना, आणि गैरवर्तनामुळे डिस्चार्ज वाईट म्हणून आजारावर उपचार मिळत ना. येल विद्यापीठाच्या अभ्यासानुसार २०१३ साली लष्कराच्या नोंददुरुस्ती मंडळाने पीटीएसडीच्या कारणावरून आलेले अवघे ३.७ टक्के अर्ज मंजूर केले होते. वकील करण्याची ऐपत थोड्यांनाच होती. बहुतेकांनी अर्ज करणंच सोडून दिलं.

येलचे विद्यार्थी आणि एक सार्जंट

शेफर्ड म्हातारपणी न्यू हेवनला राहत होता. त्याच गावात येलचं लॉ स्कूल आहे, आणि तिथे माजी सैनिकांचे खटले फुकट चालवणारं एक केंद्र आहे. प्राध्यापकांच्या देखरेखीखाली विद्यार्थीच खटले लढवतात. डिसेंबर २०१२मध्ये त्यांनी शेफर्डच्या नावाने लष्कराविरुद्ध दावा लावला. त्याच्यासारख्या सगळ्यांच्या वतीने तो लढायचा होता. पुढच्या वर्षी लष्कराने तडजोड केली आणि शेफर्डचा दाखला सुधारून दिला. बाकीचे जिथे होते तिथेच राहिले.

म्हणून ३ मार्च २०१४ रोजी दुसरा दावा दाखल झाला. या वेळी कॉन्ली मंक पुढे होता. त्याच्याबरोबर आणखी चार सैनिक होते, आणि ‘व्हिएतनाम व्हेटरन्स ऑफ अमेरिका’सारख्या संघटना होत्या. कनेक्टिकटचे सिनेटर रिचर्ड ब्लूमेंथल यांनी हा विषय वॉशिंग्टनमध्ये लावून धरला. त्या वेळी संरक्षणमंत्री होते चक हेगल. व्हिएतनाममध्ये साधा सैनिक म्हणून लढून संरक्षणमंत्रिपदापर्यंत पोहोचलेले ते पहिलेच. १९६८ साली ते आपल्या सख्ख्या भावाबरोबर नवव्या इन्फन्ट्री डिव्हिजनमध्ये लढले होते, सार्जंट झाले होते, दोनदा जखमी झाले होते. शेफर्डचीही डिव्हिजन तीच.

३ सप्टेंबर २०१४ रोजी, दाव्याला बरोबर सहा महिने झाले तेव्हा, हेगल यांनी तिन्ही दलांच्या नोंददुरुस्ती मंडळांना परिपत्रक पाठवलं. जुन्या नोंदीत पीटीएसडीचं नाव नसलं, पण त्याची लक्षणं दिसत असली, तरी उदार दृष्टीने विचार करा. माजी सैनिकांच्या खात्याच्या डॉक्टरांनी दिलेल्या निदानाला विशेष वजन द्या. मुदत संपली म्हणून अर्ज फेकू नका. गंभीर गुन्ह्यांच्या बाबतीत सावध राहा, असंही त्यात होतं. माफीची खिरापत वाटा, असं त्यात कुठेच म्हटलेलं नव्हतं. जे आधीच बघायला हवं होतं ते बघा, एवढाच त्याचा अर्थ होता. परिणाम लगेच दिसला. येलच्याच पाहणीत लष्कराच्या मंडळाचं मंजुरीचं प्रमाण ३.७ टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर गेलं. २०१५ साली मंक आणि त्याच्या चारही साथीदारांचे दाखले सुधारले. माणसं तीच होती, कागद तेच होते. बघणाऱ्याने काय बघायचं, तेवढं बदललं आणि निकाल फिरला. आधीची वर्षानुवर्षं अर्ज फेटाळण्यामागे पुराव्याची उणीव नव्हती, हे यातून सिद्ध झालं.

पुन्हा तीच चूक

एवढं होईतो इराक आणि अफगाणिस्तानची युद्धं आली होती. आता आजाराला नाव होतं, डॉक्टर होते, औषधं होती. तरीही ‘बॅड पेपर’ घटला नाही, उलट वाढला. हार्वर्डच्या कायदा केंद्राने २०१६ साली मांडलेल्या हिशोबानुसार दुसऱ्या महायुद्धातल्या १.७ टक्के सैनिकांना डिस्चार्जच्या कारणाने सवलती नाकारल्या गेल्या, व्हिएतनामच्या काळात २.८ टक्क्यांना आणि २००१नंतर ६.५ टक्क्यांना. सरकारी कारभार तपासणाऱ्या अकाउंटेबिलिटी ऑफिसने २०१७ साली आणखी आकडे दिले. २०११ ते २०१५ या पाच आर्थिक वर्षांत गैरवर्तनासाठी ९१,७६४ जणांना सैन्यातून काढलं. त्यांतल्या ५७,१४१ जणांना, म्हणजे ६२ टक्के लोकांना, काढण्याआधीच्या दोन वर्षांत पीटीएसडी, मेंदूला मार, व्यसन किंवा अशाच कुठल्यातरी विकाराचं निदान झालेलं होतं. निदान करणारे बहुतांशी लष्कराचेच डॉक्टर होते.

स्टीफन केनेडी हा इराकमध्ये लढलेला सैनिक परतल्यावर पीटीएसडीने ग्रासला. स्वतःच्या लग्नासाठी तो रजेशिवाय गेला, आणि त्याला ‘जनरल’ डिस्चार्ज मिळाला. एवढ्यावरही शिक्षणाची सवलत जाते. त्याच्या नावाने येलच्या विद्यार्थ्यांनी २०१७ साली लष्कराविरुद्ध, आणि पुढच्या वर्षी इराकमधला मरीन टायसन मॅन्कर याच्या नावाने नौदलाविरुद्ध दावा लावला. त्याच सुमारास नियमही पुढे सरकले. २०१६च्या अखेरीस ‘उदार दृष्टी’ कायद्यात आली. ऑगस्ट २०१७च्या परिपत्रकाने मंडळांना चार प्रश्न आखून दिले: गैरवर्तनाचं कारण ठरू शकेल असा आजार किंवा अनुभव होता का? तो नोकरीत असताना होता का? त्याने वर्तनाचा खुलासा होतो का? आणि डिस्चार्ज सुधारण्याइतकं त्याचं वजन आहे का? मेंदूला लागलेला मार, लैंगिक अत्याचार आणि छळ यांनाही हेच प्रश्न लागू झाले. ज्या स्त्रीने अत्याचाराची तक्रार तेव्हा नोंदवली नाही, तिचं स्वतःचं कथनही पुरावा मानता येईल, असं त्यात स्पष्ट लिहिलं गेलं. २०२१ साली केनेडीच्या आणि २०२२ साली मॅन्करच्या दाव्यातली तडजोड कोर्टाने मंजूर केली, आणि हजारो फेटाळलेले अर्ज पुन्हा उघडण्याची जबाबदारी मंडळांवर पडली.

हा इतिहास न्याय मिळाल्याचा म्हणून सांगता येईल, पण तसा सांगणं मला पटत नाही. मंकचा दाखला सुधारला तेव्हा तो साठीपलीकडे होता. कॉलेजची सवलत साठीच्या माणसाच्या काय उपयोगाची? ज्या वर्षांत उपचार मिळाले असते तर संसार टिकला असता, ती वर्षं कुठलंही मंडळ परत देऊ शकत नाही. ज्यांनी त्याआधीच स्वतःला संपवलं, त्यांचे अर्ज तर कधीच आले नाहीत.

म्हणून खरा प्रश्न दुरुस्तीच्या आधीचा आहे. अमेरिकेत २००९ साली कायदा झाला, की युद्धावरून परतलेल्या सैनिकाने पीटीएसडी किंवा मेंदूच्या माराची तक्रार केली असेल, तर त्याला वाईट शेऱ्याने काढण्याआधी त्याची वैद्यकीय तपासणी झालीच पाहिजे. दलं हा नियम सारखा पाळत नव्हती, हेही अकाउंटेबिलिटी ऑफिसच्या २०१७च्या अहवालात नोंदलेलं आहे. डिस्चार्ज सुधारण्याची मंडळं हवीतच. पण जे चार प्रश्न तिथे चाळीस वर्षांनी विचारले जातात, ते काढून टाकण्याच्या सहीआधी, सैनिक समोर उभा असताना विचारायचे आहेत. अठरा वर्षांच्या मुलाला मरायला पाठवण्याचा अधिकार ज्या सरकारने स्वतःकडे घेतला आहे, त्याने परतलेल्या मुलाला काय झालं हे आपणहून विचारलं पाहिजे. त्याच्या अर्जाची वाट पाहत बसण्याचा अधिकार त्या सरकारला नाही.